दुसरी सुई

सकाळी साडेदहाला कंपनीची गाडी दवाखान्यासमोर थांबली आणि आतून सात फिटर उतरले. तिघांनी पायऱ्या चढतानाच बाह्या वर करायला घेतल्या. उरलेल्या चौघांच्या हातात एकेक कागद होता. सिस्टरने काचेतून पाहिलं आणि हातातली कार्डं मोजताना तिचा आकडा चुकला, कारण कागदवाल्या चौघांत सगळ्यात पुढे तिचा धाकटा दीर होता.

त्याला घरीदारी सगळे भोपळ्या म्हणत. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून. आता बत्तीस वर्षांचा होता, नुसता काडी पैलवान, पण नाव एकदा चिकटलं की माणूस वाळला तरी ते वाळत नाही. सिस्टर लग्न होऊन घरात आली तेव्हा हा सहावीत होता. त्याचे गणिताचे पेपर तिने तपासले होते, त्याच्या डोक्यातल्या उवा तिने काढल्या होत्या. त्यामुळे तो तिला 'वहिनी, तुम्ही' म्हणे आणि ती त्याला 'अरे भोपळ्या'.

त्या कागदावर लिहिलं होतं की मी माझ्या मर्जीने लस घेत नाही, पुढे काही झालं तर जबाबदारी माझी. खाली सही.

आता मूळ कहाणी सांगायला हवी, नाहीतर एवढ्या साध्या कागदाने बाईचा आकडा का चुकावा हे कळायचं नाही.

हा दवाखाना परदेशी जाणाऱ्यांना लस टोचणारा. दोन खोल्या, एक बाहेर बसायची जागा, एक मोठा फ्रिज, आणि सोळा वर्षं तिथे ठाण मांडून बसलेली सिस्टर. बाईचा दराराच तसा. मोठमोठे मिशीवाले तिच्यासमोर खुर्चीत बसले की लग्नातल्या नवरदेवासारखे खाली बघायचे. "मला सुई बघून चक्कर येते," कुणी म्हणालं की ही पलंगाकडे बोट करायची. "तो त्यासाठीच आहे. पडा खुशाल. पडलेल्या माणसाचाही दंड सापडतो मला." दुखेल का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "नवऱ्याच्या बोलण्याएवढं नाही." बायका हसायच्या, आणि त्या हसेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची.

तिचे प्रश्नही ठरलेले. कुठे चाललात? किती दिवस? शहरातच राहणार की शेताशिवाराकडे? भाताची खाचरं आहेत का जवळ? आणि कुणी डुकरं पाळतं का तिथे? या शेवटच्या प्रश्नाला हमखास हशा पिकायचा. ती मात्र हसायची नाही. "हसू नका. डास मेंदूज्वर डुकराकडून उचलतो, पाणपक्ष्यांकडून उचलतो आणि माणसाच्या मेंदूत नेऊन सोडतो. एकदा मेंदूला सूज आली की त्यावर औषध नाही. वाचला तर नशीब, आणि वाचलेल्यांतलेही कितीतरी पहिल्यासारखे राहत नाहीत. लस तेवढी आहे. दोन सुया, अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने. एक घेऊन पळालात तर तो एका बाहीचा स्वेटर झाला."

आणि तिचा एक नियम होता. प्रत्येक सिरिंजवर लेबल असतं, त्याची एक पट्टी सुटते. तिच्यावर लशीचा नंबर असतो. ती पट्टी प्रवाशाच्या कार्डावर चिकटवायची, रजिस्टरात लिहायचं, डॉक्टरबाईंची सही घ्यायची. पण कधी? सुई टोचून झाल्यावर. 'आधी सुई, मग कार्ड' असं तिने जाड अक्षरात लिहून भिंतीवर लावलं होतं. नवीन मुली कामाला आल्या की पहिल्या दिवशी त्यांना तिथे उभं करून वाचायला लावायची. कारण एकदा का पट्टी कार्डावर गेली की कागद म्हणतो, झालं. आणि कागद बोलला की माणसाचं कोण ऐकतो?

तर एवढी ही नियमाची बाई. आणि म्हणतात ना, लोका सांगे ब्रह्मज्ञान.

तिचा नवरा भोपळ्याच्याच कंपनीत हेड फिटर होता. ही कंपनी भाताच्या गिरण्या उभारून द्यायची, आणि भाताच्या गिरण्या भाताच्या मुलखातच उभ्या राहणार. चहूबाजूंनी पाणी भरलेली खाचरं, मधे पत्र्याची शेड, तीन-तीन महिने मुक्काम. पाना हातात घेतला की हा माणूस जगाला विसरायचा. यंत्राला कान लावून सांगायचा, "डाव्या बाजूचा बोल्ट रडतोय." आणि डाव्या बाजूचा बोल्ट खरंच ढिला निघायचा. सुईला मात्र तो घाबरायचा. चारचौघांत कबूल करायचा नाही, बायकोसमोर लपवायचा नाही.

पहिली सुई झाली. दोन दिवस दंड दुखला, आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. अठ्ठाविसाव्या दिवशी दुसरी. संध्याकाळी सहाला येतो म्हणाला होता, पण कारखान्यात अडकला. डॉक्टरबाईंना घरी जायचं होतं, त्या पर्स घेऊन उभ्या. सिस्टर म्हणाली, "बाई, निघालेत ते, रस्त्यात आहेत. सही करून जा, मी देते." डॉक्टरबाईंनी सोळा वर्षांच्या विश्वासावर सही ठोकली. सिस्टरने पट्टी सोडवली, कार्डावर चिकटवली, रजिस्टरात ओळ लिहिली. हे सगळं तिने भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाठ करून केलं. घरचंच माणूस तर येतंय!

नवरा आला साडेसहाला. नाक लाल, आवाज बसलेला. "अगं, अंगात कसकस आहे. आज नको. उद्या सकाळी घेतो."

"एवढ्याशा सर्दीने काही होत नाही, अहो."

"कसकशीने आधीच झोप नाही, त्यात दंडही दुखणार. उद्या. शपथ."

तिने सिरिंज परत फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याला पहाटेच कारखान्यातून बोलावणं आलं. तिसऱ्या दिवशी सामान बांधायचं होतं. चौथ्या दिवशी कळलं की तिकडची शेड लवकर तयार झाली, विमान आठ दिवस आधी. निघायच्या सकाळी सिस्टरने बर्फाच्या डब्यातून सिरिंज घरी आणली. तो चहा पीत होता. "आज? आज मला सत्तर किलोच्या पेट्या उचलायच्यात. कार्डावर आहे ना? मग झालं की! परत आलो की दोन दे. दोन्ही दंडांत दे. वर बक्षीस म्हणून एक जास्त दे." असं म्हणून त्याने तिचा बर्फाचा डबा स्वतःच्या हाताने बंद केला आणि वर बोटांनी ताल धरला. ती हसली. हसली, हो. एक तर झालीय, अर्धं तर अर्धं, असं स्वतःशी म्हणाली. जी बाई परक्या माणसाला एका बाहीचा स्वेटर घालून दारातून बाहेर जाऊ देत नव्हती, तिने ती सिरिंज दवाखान्यात नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि संध्याकाळी नवऱ्याला निरोप द्यायला गेली.

सात आठवड्यांनी फोन आला. आधी ताप, मग डोकं फुटेल असं दुखणं, मग झटके. अकरा दिवस तो बेशुद्ध होता. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड मागवलं, कार्ड बघितलं, कागदावर लिहिलं: लस पूर्ण झालेली. तपासणीत निघाला तोच मेंदूज्वर. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "असं क्वचित होतं गं. लस घेऊनही एखाद्याला होतं. तुझ्याच वाट्याला यावं!" त्यांनी सिस्टरला जवळ घेतलं. सिस्टर त्यांच्या खांद्यावर रडली आणि एक शब्द बोलली नाही.

नवरा घरी आला तो स्ट्रेचरवरून. उजवा हात आखडलेला, पाय फरपटणारे, आणि बोलणं म्हणाल तर एकच शब्द उरलेला: "हो." भूक लागली? हो. दुखतंय? हो. मी कोण? हो. यंत्राला कान लावून बोल्टाचं रडणं ऐकणाऱ्या माणसाला आता घरच्यांचं रडणं ऐकू आलं तरी तो खिडकीकडे बघून म्हणायचा, हो.

खरं काय ते जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातल्या एकाला आता काहीच माहीत नव्हतं.

आणि कंपनीच्या कँटीनमध्ये गोष्ट पसरली. बायको स्वतः लस टोचणारी, दोन्ही सुया तिच्या हातच्या, आणि तरी माणसाची ही गत! मग आपण कशाला दंड सुजवून घ्यायचे? कंपनीनेही काखा वर केल्या. ज्याला नको असेल त्याने लिहून द्यावं. गिरणी अर्धवट उभी होती, ती पुरी करायला सात जण जायचे होते. हेड फिटरच्या जागी त्याचा धाकटा भाऊ. निघायला बरोबर पाच आठवडे उरले होते, आणि दुसरी सुई निघायच्या आठवडाभर आधी व्हायला हवी होती. आज पहिली सुई पडली तरच दुसरी वेळेवर पडणार होती. आज नाही तर नाही.

म्हणून तो आकडा चुकला.

पहिले तिघे टोचून घेऊन बाहेर गेले. सिस्टर दारात आली. "भोपळ्या, आत ये."

"वहिनी, उगीच गळ घालू नका. मी ठरवलंय."

"गळ नाही घालत. आत ये फक्त."

तो आला. खुर्चीत बसला नाही, उभाच राहिला, कागद छातीशी धरून. तिने दार लोटलं. हाताखालची धाकटी सिस्टर फ्रिजपाशी काही मोजत होती, तिला तिने बाहेर पाठवलं.

"घे रे लस. माझं ऐक."

"दादाने ऐकलं ना तुमचं?" तो हळूच म्हणाला. वर्मी लागावं म्हणून नाही. "तुम्हाला दोष नाही देत, वहिनी. तुम्ही काय कमी केलंत? पण त्या औषधात राम नाही. लागायचं तर लागतंच. मग निदान तुमच्या हातून तरी नको. तुम्हालाच पुन्हा सगळं…"

म्हणजे हा वेडा तिच्यासाठीसुद्धा नको म्हणत होता. सिस्टरला वाटलं, भुई दुभंगावी आणि आपण आत जावं. गेले चार महिने तिला रोज तसं वाटत होतं, पण आज समोर हा उभा होता, ज्याला पाढे येत नाहीत म्हणून तिने कान धरून बसवलं होतं. पाच आठवड्यांनी तो त्याच शेडमध्ये झोपणार होता, त्याच खाचरांच्या मधे.

"तुझ्या दादाने दुसरी सुई घेतली नव्हती," ती म्हणाली.

"कार्डावर आहे की."

"कार्डावर मी आधीच चिकटवलं. सही आधी घेतली. मग तो म्हणाला उद्या, आणि मी म्हटलं बरं. मग पुन्हा उद्या. शेवटी तो तसाच गेला. ती सिरिंज मी कचऱ्यात टाकली. मी. याच हातांनी."

बाहेर कुणीतरी खोकलं.  सुरुवातीला भोपळ्याच्या चेहऱ्यावर नुसती न कळल्याची रेघ होती, गणित सुटत नसलं की यायची तशी. मग ती पुसली गेली.

"आई रोज सकाळ-संध्याकाळ त्या लशीला शिव्याशाप देते," तो म्हणाला. "दादाला भरवते आणि देते. तुम्ही शेजारी बसून ऐकता."

"ऐकते."

"चार महिने?"

 सांगायला काय होतं? की नोकरी जाईल अशी भीती वाटली? वाटली होतीच. की सासूने पाठीवरून हात फिरवला तेव्हा तो हात गमवावा असं वाटलं नाही? हेही खरं होतं. पण खरं असलं म्हणून ते सांगण्याजोगं होत नाही.

त्याने हातातला कागद फाडला. चार तुकडे केले, ते कुठे टाकावेत कळेना म्हणून खिशात कोंबले. मग खुर्चीत बसला, बाही वर केली. सिस्टरने सवयीने कापसाकडे हात नेला.

"तुम्ही नको," भोपळ्या म्हणाला. "त्या दुसऱ्या सिस्टरना बोलवा."

तिचा हात तसाच थांबला. सोळा वर्षांत असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून त्याचा आवाज आला, "आणि मला एकट्याला सांगून काय होणार? बाहेर तिघं बसलेत अजून. त्यांना पण आया आहेत."

ती बाहेर गेली. बसायच्या जागेत तिघे कागदवाले, तिघे टोचून झालेले, एक नवरा-बायकोची जोडी कार्डं घेऊन, आणि आतल्या खोलीच्या दारात डॉक्टरबाई. सिस्टर मधोमध उभी राहिली आणि सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी तिने ते रजिस्टरातल्या नोंदीसारखं, तारखेसकट सांगितलं, कारण नुसतं सांगितलं असतं तर मधेच रडू फुटलं असतं आणि लोक तिची समजूत घालत बसले असते. तिला समजूत नको होती. चौथ्या वाक्याला डॉक्टरबाई खुर्चीचा आधार घेऊन खाली बसल्या. तिघांतला एक म्हातारा फिटर आपला कागद दुमडत म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हाला हे आधी सांगायला हवं होतंत," आणि बाही वर करून आत गेला. त्याच्यामागून दुसरा. तिसऱ्याला धाकट्या सिस्टरने हाक मारली.

डॉक्टरबाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला वर कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आजाराचा अहवाल मी वर पाठवलाय गं. माझ्या सहीने. लस पूर्ण होती म्हणून." आणि मग, "आज घरी जा. किल्ल्या ठेवून जा."

किल्ल्या टेबलावर ठेवून सिस्टर निघाली. भोपळ्या पायरीवर बसला होता, दंडावर कापूस दाबून. ती जवळून गेली तसा तो उठून बाजूला झाला, वाट देण्यापुरता. "आईला मी सांगणार नाही," तो म्हणाला. "तुमचं तुम्ही सांगा."

भर दुपारी ती घरी पोचली. एवढ्या लवकर ती कधी येत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी नवरा खुर्चीत बसलेला, मानेखाली उशी, गळ्याभोवती टॉवेल, आणि समोर स्टुलावर सासू, हातात वाटी, वाटीत कुस्करलेलं केळं. सासू चौऱ्याहत्तरची. मुलगा आजारी पडल्यापासून तिने काठी सोडली होती. दोन्ही हात लागतात, म्हणायची, काठी कुठल्या हातात धरू?

"लवकर आलीस? बरं नाही का?" सासूने विचारलं, आणि चमचा पुढे केला. "घे रे माझ्या राजा. त्या मेल्या लशीचं वाटोळं होवो. घे."

"आई, लशीला बोलू नका," सिस्टर म्हणाली. चप्पल काढायचंही तिला सुचलं नव्हतं. ती फरशीवर बसली, सासूच्या पायांशी, आणि तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी मात्र रडू आवरलं नाही. हुंदके देत, शब्द चुकवत, मागचं पुढे पुढचं मागे करत तिने सांगितलं. वर खिडकीशी नवरा मधेमधे म्हणत होता, हो. हो.

सासू ऐकत राहिली. वाटी मांडीवर टेकलेली, चमचा हातात तसाच. ती लेकाच्या आखडलेल्या हाताकडे बघत होती.

"त्याने नको म्हटलं?"

"हो."

"ताप होता अंगात?"

"ताप नाही. नुसती कसकस. देता आली असती."

"आणि जायच्या दिवशी?"

"त्या दिवशीही नको म्हणाला. पेट्या उचलायच्या होत्या."

"मला थंडीतल्या तापाची सुई दिलीस तेव्हा मी काय कमी नको म्हटलं होतं?" सासू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती खरोखरच विचारत होती. "दाराला कडी लावून घेतली होती मी आतून. तू स्टुलावर चढून वरच्या झडपेतून हात घालून कडी काढलीस. दंड धरून दिलीस. आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. मग त्याला का नाही धरलंस गं?"

सिस्टरने पदराने तोंड पुसलं. चार महिने याच प्रश्नाशी ती एकटी झगडत होती, आणि उत्तर इतकं साधं होतं की ते तोंडातून काढायची तिला लाज वाटत होती.

"चहा पीत होता, आई. हसत होता. तीन महिन्यांसाठी चालला होता. मला त्याचं मन मोडवेना."

सासूने केळ्याचा चमचा लेकाच्या ओठांना लावला. त्याने तोंड उघडलं. तिने त्याची हनुवटी टॉवेलने पुसली, मग पुन्हा एकदा पुसली, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

"मोडायचं होतंस," ती म्हणाली. "मनच मोडलं असतं. ते मी जोडून दिलं असतं."